बोट दाखवायची रीत

विद्यापीठाचं तिसरं वर्ष संपलं त्या उन्हाळ्यात मी जनसेवा शिकायला गेले आणि बोट दाखवायला शिकून आले. थट्टा करत नाही. आमच्याकडे निवडून आलेला असा एक माणूस दाखवा, ज्याचा बोट दाखवतानाचा फोटो नाही. रस्त्यात खड्डा पडला की तो खड्ड्यापाशी जातो, गटार तुंबलं की गटारापाशी. हात खांद्याच्या रेषेत ताठ करायचा, कपाळाला आठ्या घालायच्या, तोंड किंचित उघडं ठेवायचं, म्हणजे आत्ताच कुणाला तरी खडसावल्यासारखं वाटतं. शेजारचे अधिकारीही त्याच दिशेला बोटं करतात. फोटो निघाला की सगळे आपापल्या गाडीत बसून जातात. खड्डा जिथे होता तिथेच राहतो, पण आता त्याची दखल घेतलेली असते.

याला स्थळपाहणी म्हणतात. ती ठरवणं, माणसं जमवणं, त्यांना ओळीत उभं करणं आणि फोटोखाली दोन ओळी लिहिणं हे आम्हा इंटर्न लोकांचं काम.

आम्ही दोघं होतो. मी, खांग यी-झेन, आणि माझ्या वर्गातला फांग बो-यान. वर्गातल्या पहिल्या काही जणांना राजधानीत, तैपेईत, खासदारांकडे जागा मिळाल्या. उरलेल्यांपैकी शहाण्यांनी चिप कंपन्यांच्या थंडगार ऑफिसांत उन्हाळा काढला. आम्ही पश्चिम किनाऱ्यावरच्या एका जिल्ह्यात, जिल्हा परिषदेचे मेंबर वेंग हाओ-तेंग यांच्या जनसंपर्क कार्यालयात दाखल झालो. बो-यानला पुढे स्वतः निवडणूक लढवायची होती. तो आत्तापासूनच भेटेल त्याचा हात दोन्ही हातांत धरायचा. मी त्याला 'नेते' म्हणायचे आणि त्याला ते मनापासून आवडायचं. मला स्वतःला काय हवं होतं ते नीट सांगता आलं नसतं. एवढंच वाटत होतं की माणसाला सरकार जिथे लागतं, तिथे एकदा उभं राहून पाहावं.

तर ते चहाच्या टेबलाशी लागत होतं. कार्यालयाच्या मधोमध जाड लाकडाचं टेबल, त्यावर दिवसभर उकळणारी किटली, भोवती प्लॅस्टिकची स्टुलं. लोक यायचे, चिमुकल्या पेल्यांतून चहा घ्यायचे, गाऱ्हाणं सांगायचे. टेबलामागे हुई ताई. त्या कार्यालयाच्या प्रमुख, पन्नाशीच्या, आणि आवाज असा की फोनची गरज पडू नये. मेंबर कुठल्या लग्नात किती वेळ बसणार आणि कुठल्या अंत्यविधीला किती वाकणार, हे त्या ठरवायच्या. पहिल्याच सकाळी त्यांनी आम्हाला पाठीवर मेंबरचं नाव छापलेली जाकिटं दिली आणि धडा दिला. आलेल्या माणसाला हो म्हणायचं नाही, आणि नाही तर मेलं तरी म्हणायचं नाही. 'पाठपुरावा सुरू आहे' म्हणायचं आणि पेला भरायचा.

बो-यानच्या हातात कॅमेरा देऊन त्या म्हणाल्या, "हात वर गेले की बटण दाब. हात खाली येईपर्यंत दाबत राहा. मध्ये स्वतःचं डोकं वापरू नकोस."

बो-यानने हा मंत्र असा घोटला की समोर कुणी काख खाजवायला हात उचलला तरी त्याचा कॅमेरा वाजायचा.

लुंगवेईची स्थळपाहणी ही आमची पहिली. समुद्राला टेकलेलं गाव, मागे माशांची तळी, पुढे कालवांच्या रिकाम्या शिंपल्यांचे ढीग. पत्र्याच्या शेडमध्ये बाया दिवसभर कालवं फोडत बसतात. तालुक्याहून येणारी छोटी बस गावात शिरून याच शेडपाशी वळायची. बस कंपनीला हे वळण नको झालं होतं. रस्ता अरुंद, वळणावर शिंपले पसरलेले, वेळ जातो, म्हणून थांबा बाहेर हमरस्त्यावर न्यायचं घाटत होतं. हमरस्ता म्हणजे गावापासून अर्ध्या तासाची चाल, आणि वाटेत दोन्हीकडे नुसती तळी. सावलीला एक झाड नाही.

तुम्ही म्हणाल, घरोघरी स्कूटर आहेत, बस कशाला? ती लुआन मावशीला लागत होती. साठीला आलेली, कालवं फोडणारी बाई. तिची मूत्रपिंडं थकली होती आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार तिला तालुक्याच्या दवाखान्यात डायलिसिसला जावं लागायचं. जाताना माणूस बरं असतं. येताना रक्त धुऊन निघालेलं असतं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकत असतात. तशात स्कूटर चालवली तर थेट तळ्यात. मुलगा उत्तरेला ताओयुआनच्या कारखान्यात. गावात असे आणखी दोन-चार म्हातारे होते, पण ते गप्प बसणारे. बोलणारी ही एकटी.

त्या दिवशी मेंबरनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मेंबर वेंग दुष्ट माणूस नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. ते छान ऐकायचे. ऐकताना त्यांचे डोळे भरून यायचे, आणि ते अश्रू खरे असायचे. फक्त गाडीचं दार लागलं की तो नळही बंद व्हायचा. "मावशी, तुमची बस कुठे जात नाही," ते म्हणाले. मग सगळ्यांना ओळीत घेऊन त्यांनी थांब्याच्या खांबाकडे बोट केलं आणि मावशीला म्हणाले, "तुम्हीही करा हात वर." तिने जवळचा हात उचलला. त्या सकाळीच सुया काढलेला, कोपराखाली पट्टी चिकटवलेला डावा हात.

हुई ताईंना तो फोटो फार आवडला. पट्टी अगदी स्वच्छ दिसत होती ना. मी खाली 'लुंगवेईच्या बससाठी लढा सुरू' असं लिहिलं होतं. त्यांनी 'सुरू' खोडून 'यशस्वी' केलं आणि मेंबरच्या फेसबुकच्या पानावर टाकायला सांगितलं. हजारभर लोकांनी अंगठे दाखवले. आमच्याकडे कुणी बोट दाखवतं, कुणी अंगठा, आणि कामाला हात कुणीच लावत नाही.

ऑगस्ट लागला तसा थांबा हमरस्त्यावर गेला.

ते आम्हाला कळलं लुआन मावशीकडूनच. दवाखान्यातून सुटून ती सरळ कार्यालयात आली. चेहरा मेणासारखा, टाचा ओढत चालणारी. हुई ताईंनी तिला बसवलं, विचारपूस केली, चहाचा पेला पुढे केला. मावशीने तो नुसता हातात धरला. डायलिसिसवाल्याला दिवसाचं पाणी मोजून प्यायचं असतं, घोट घोट वाचवायचा असतो. कार्यालयात आलेल्या प्रत्येकाला आम्ही जे एक काहीतरी हमखास देत होतो, तेही तिच्या उपयोगाचं नव्हतं.

"फोटोत बस गावात थांबते," ती म्हणाली. "मी फोटोत राहत नाही ना पण."

हुई ताई म्हणाल्या, पाठपुरावा सुरू आहे. मावशीने मान डोलावली, थंड झालेला पेला सांडू न देता टेबलावर ठेवला आणि ती बस गाठायला निघाली. मी दारापर्यंत गेले. हमरस्त्यावर उतरून उन्हातून अर्धा तास चालायचं, तेही असल्या अंगाने. माझ्या पाठीवर मेंबरचं नाव होतं आणि ते मला टोचत होतं.

दुसऱ्या दिवशी मी कुणाला न विचारता स्कूटर काढून लुंगवेईला गेले. शेडमध्ये पाऊल टाकलं तशी एक बाई म्हणाली, "आली बघा फोटोवाली. केस नीट करा गं." दुसरी म्हणाली, "आज कशाकडे बोट दाखवायचं पोरी, माझ्या नवऱ्याकडे दाखव, तोही बंद पडलाय." सगळ्या हसल्या. मीही हसले, दुसरं काय करणार. मग लुआन मावशीने मला शेजारी बसवून घेतलं. तिने डावा हात पुढे केला आणि माझी बोटं त्याच्यावर ठेवली. कातडीखाली जाड दोरीसारखी शीर होती आणि ती आतून गुणगुणत होती, थरथर थरथर. डॉक्टरांनी सुयांसाठी तयार केलेली. हा हात जपायचा असतो, त्यावर वजन घ्यायचं नाही, तो दाबायचा नाही.

"ही थरथर थांबली की मी थांबले," ती म्हणाली. "त्या दिवशी मेंबर म्हणाले हात वर, म्हणून केला. फुकट केला."

त्या क्षणी मला जो राग आला, तो अजून पुरतोय. मी तिला विचारलं, की त्या सगळ्यांना मी पुन्हा आणलं, इथे नाही, तिकडे हमरस्त्यावर, आणि तुझ्याबरोबर चालायला लावलं, तर चालशील? तुला त्रास होईल.

"मी चालतेच की," ती म्हणाली. "सोबत असली तर बरंच."

कार्यालयात परत आल्यावर मी दुसऱ्या स्थळपाहणीचं नाव काढलं. हुई ताई म्हणाल्या, एका थांब्याकडे दोनदा बोट दाखवत नाहीत, लोक हसतात. मी वाद घातला. बो-यानने, आणि याचं श्रेय मी त्याला देते, बुद्धी वापरली. तो चहा ओतता ओतता सहज म्हणाला, की वर्षअखेर निवडणूक आहे आणि पलीकडच्या पक्षाचा उमेदवार परवा कालवांच्या शेडमध्ये दिसला होता म्हणे. हे खरं होतं की नाही, मी त्याला कधी विचारलं नाही. हुई ताईंनी किटली खाली ठेवली.

"बुधवारी घ्या," त्या म्हणाल्या. "बोलावणी तुम्हीच करा. मला मेंबरला दोन लग्नांत न्यायचंय."

इथेच त्यांचं चुकलं. स्थळपाहणीचं ठिकाण आणि वेळ ठरवणं ही आमच्याकडे इतकी फालतू बाब समजली जाते की ती इंटर्नवर सोपवतात. मोठी माणसं गाडीत बसतात आणि गाडी थांबेल तिथे उतरतात. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला कुरण कुठलं आहे हे कशाला कळायला हवं? मी चौघांना निरोप धाडले. मेंबर, बस कंपनीचे व्यवस्थापक, जिल्ह्याच्या रस्ते विभागाचे अधिकारी आणि लुंगवेईचे सरपंच. ठिकाण, हमरस्त्यावरचा नवा थांबा. वेळ, बुधवारी भर दुपारी, मावशीची बस येते तेव्हा.

बुधवारी ऊन असं होतं की डांबर मऊ झालेलं. चौघांच्या गाड्या ओळीने उभ्या राहिल्या. मेंबर एका लग्नातून आले होते, छातीवर लाल फीत तशीच. सगळे थांब्याच्या खांबाभोवती गोळा झाले आणि हात सैल करू लागले. तेवढ्यात बस आली आणि लुआन मावशी उतरली. एका हाताने खांब धरून ती थोडा वेळ उभी राहिली. मग कुणाकडे न बघता गावाच्या रस्त्याला लागली.

मेंबरनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "अडचण इथे नाही, साहेब. रस्त्यावर आहे. चालूया."

"अरे, मावशींना गाडीत घ्या," मेंबर म्हणाले आणि त्यांनी स्वतः दार उघडून धरलं. थंड हवेचा झोत बाहेर आला.

मावशी थांबली. "आज बसेन, मेंबर. शुक्रवारी?"

मावशी पुढे निघाली. आता आजारी बाई चालतेय आणि जिल्ह्याचे मेंबर गाडीतून तिच्या मागे सरकतायत, हे दृश्य तर कुठल्याच पुढाऱ्याला परवडत नाही, आणि गावाच्या टोकाला बाया शेडबाहेर येऊन पाहणारच होत्या. मेंबर चालू लागले. ते चालले म्हणून अधिकारी चालले, अधिकारी चालले म्हणून कंपनीचे व्यवस्थापक चालले. सरपंच एरवी शेजारच्या घरीही स्कूटरवरून जातात, तेही चालले. चामड्याचे बूट धुळीने पांढरे झाले. मावशी मध्येच थांबायची, गुडघ्यावर उजवा हात टेकून उभी राहायची, की सगळी मिरवणूक थांबायची. मग ती निघाली की निघायची. मी तिच्या शेजारी होते. तिचा श्वास ऐकू येत होता आणि मला भीती वाटत होती की माझ्या हट्टापायी हिला काही झालं तर. तिला तसं म्हणालेही. ती म्हणाली, गप चल, दम खर्च करू नकोस.

शेडपाशी पोचल्यावर तिला एकीने उलटी टोपली दिली. ती बसली. चौघे साहेब घाम पुसत तिच्याभोवती उभे राहिले. कंपनीच्या व्यवस्थापकांचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि मेंबरच्या फितीचा रंग त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उतरला होता. मावशीने आधी श्वास गोळा केला.

"मला एवढंच सांगा," ती म्हणाली. "बस परत इथे यायची, तर तुमच्यातल्या कुणी हो म्हणायला पाहिजे?"

साधा प्रश्न. शाळेतल्या पोराला विचारावा इतका साधा. व्यवस्थापकांचा हात उठला आणि त्यांनी रस्ते विभागाच्या अधिकाऱ्यांकडे बोट केलं, रस्ता यांनी मोकळा करून द्यावा म्हणून. अधिकाऱ्यांनी सरपंचांकडे केलं, ढीग गावाचे आहेत म्हणून. सरपंचांनी मेंबरकडे केलं, परिषदेत आवाज यांचा म्हणून. आणि मेंबरनी, ज्यांचा हात अख्ख्या उन्हाळ्यात खाली आलेला मी पाहिला नव्हता, त्यांनी व्यवस्थापकांकडे केलं, शेवटी बस कंपनीची म्हणून.

चार हात ताठ उभे होते. मध्ये टोपलीवर मावशी.

आणि हात वर गेले होते. बो-यानचा कॅमेरा वाजत होता, वाजत होता, हात खाली येईपर्यंत वाजत राहिला.

मेंबरनीच आधी ओळखलं. "हा नको," ते हसून म्हणाले, "चला, नीट घेऊ. सगळे वळणाकडे." सगळ्यांनी वळणाकडे बोटं केली, आठ्या घातल्या, तोंडं किंचित उघडली. मावशीने हात मांडीवरून उचलला नाही. मग गाड्या आत आल्या आणि साहेब त्यांत बसून गेले.

संध्याकाळी कार्यालयात हुई ताईंनी दुसरा फोटो निवडला. "लिही," त्या म्हणाल्या, "भर उन्हात नागरिकांसोबत पायी पाहणी, लुंगवेईचा प्रश्न मार्गी." आणि त्या फोनवर कुणाला तरी झापायला आत गेल्या.

मी पहिला, चौघांच्या बोटांचा फोटो उघडला. बो-यान माझ्या मागे उभा होता. त्याला मेंबरकडून तैपेईतल्या एका खासदाराच्या नावे शिफारस मिळायची होती, जवळजवळ ठरलंच होतं, आणि हे मला ठाऊक होतं. मी त्याला म्हणाले, नेते, तुम्ही बाहेर जाऊन एक थंड चहा घेऊन या, म्हणजे तुम्ही इथे नव्हतात.

"फोटो मी काढलाय," तो म्हणाला. "मी काढलेला एवढा एकच फोटो बरा आलाय." आणि तो स्टूल ओढून बसला.

मी फोटो मेंबरच्या पानावर टाकला. खाली स्वतःचं एक अक्षर लिहिलं नाही. फक्त मावशीचा प्रश्न जसाच्या तसा लिहिला.

जेवणवेळेपर्यंत तो जिल्हाभर पसरला होता. कुणी त्यात आपल्या गावच्या पुलाचं नाव घातलं, कुणी आपल्या शाळेच्या छपराचं. लोक घरी, दुकानात चौघेचौघे उभे राहून तसेच एकमेकांकडे बोटं करून फोटो काढू लागले. कार्यालयातला फोन थांबेना. मेंबरच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या होत्या की हुई ताईंनी फोन कानापासून लांब धरला तरी आम्हाला ऐकू येत होतं. तो ठेवून त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"काढ तो."

"नाही."

"पोरी, तुझं इथलं काम तुझ्या निकालात धरतात. काढ."

"खोटं काय आहे त्यात, ते दाखवा. मग काढते."

"मी काढू शकते," हुई ताई म्हणाल्या.

"काढा. पानाची किल्ली तुमच्याकडेही आहे. पण माझ्याकडून नाही होणार. मला तुम्ही उन्हाळाभर खूप शिकवलंत ताई, हे नाही जमलं."

त्या टेबलाशी बसल्या, दोन पेले भरले आणि एक माझ्याकडे सरकवला. मी प्यायले. चहा उत्तम होता, तो नेहमीच उत्तम असायचा. "जाकीट ठेव आणि जा," त्या म्हणाल्या. "आणि फांग, तू उद्या वेळेवर ये. या घोळात कॅमेरा धरायला दुसरा कुणी नाही."

मी जाकीट घडी करून ठेवलं. विद्यापीठाने माझी इंटर्नशिप अपूर्ण म्हणून नोंदवली. ती अजून तशीच आहे, आणि कुणी विचारलं की मी ती अभिमानाने अपूर्ण सांगते.

फोटो मात्र सकाळी पानावर होता. दुपारीही होता. मेंबर दिवसातून तीनदा विचारत होते, काढला का? बो-यानने नंतर मला सांगितलं, हुई ताई दर वेळी एकाच आवाजात उत्तर द्यायच्या, "पाठपुरावा सुरू आहे, साहेब."

आता ज्यांना चालायचं नव्हतं त्यांना धावावं लागलं. आठवड्याच्या आत रस्ते विभागाचं यंत्र लुंगवेईत आलं आणि वळणावरचे शिंपले उचलून गेलं. इतकी वर्षं न हललेले ढीग एका सकाळीत गेले. सरपंचांनी समोर उभं राहून उरलेले झाडून घेतले. बस कंपनीने प्रायोगिक तत्त्वावर, म्हणजे माघार घेताना वापरायच्या भाषेत, बस पुन्हा आत सोडायचं कबूल केलं.

पहिल्या बसने मीही आले. जाकीट नव्हतं, साधा शर्ट. दवाखान्यापाशी मावशीबरोबर चढले, खिडकीशी तिला बसवलं. बस हमरस्ता सोडून आत वळली तेव्हा ती डोळे मिटून बसली होती. शेडपाशी बस थांबली. ती उतरली, चार पावलं चालून आपल्या टोपलीवर टेकली. चार पावलं.

मेंबर तिथे हजर होते, नवा सदरा घालून. हुई ताई होत्या. बो-यान कॅमेरा घेऊन उभा होता. मेंबरनी मावशीला वाकून नमस्कार केला, गर्दीला केला, आणि मला पाहूनही त्यांनी ओळख दाखवली, याला मोठेपणा म्हणायला हरकत नाही. मग ते बसच्या शेजारी उभे राहिले आणि त्यांनी हात ताठ करून बसकडे बोट केलं.

"या सगळ्या," ते शेडमधल्या बायांना म्हणाले. "मावशी, या पुढे. आपण जिंकलो. सगळ्यांनी हात वर."

शेडमध्ये सुऱ्यांचा आवाज चालू राहिला. खट, कालव उघडायचं, मांस भांड्यात, शिंपला ढिगावर. एकही बाई उठली नाही. लुआन मावशीने दवाखान्यातली पट्टी चिकटवलेला हात मांडीवर जपून ठेवला आणि उजव्या हाताने सुरी उचलली.

"हात रिकामे नाहीत, मेंबर," ती म्हणाली.

मेंबरनी हसून माझ्याकडे पाहिलं. मी शेजारच्या टोपलीवर बसले, पडलेली एक सुरी उचलली आणि समोरच्या ढिगातून कालव घेतलं. मला ते फोडता येत नव्हतं. पहिल्याच फटक्याला अंगठा कापला. पलीकडची बाई म्हणाली, फोटोवालीला मलमपट्टी द्या गं कुणी, आणि मी दुसरं कालव घेतलं.

बो-यान कॅमेरा डोळ्याला लावून उभा होता. समोर बस होती, आणि तिच्या शेजारी एकटा एक हात. तो हात काही वेळ तसाच राहिला आणि मग खाली आला. बटण वाजलं नाही.